क्रेगीबर्नचे लहान पेले

मेलबर्नच्या विमानतळावर एका कुत्र्याने माझी पिशवी हुंगली आणि मी दचकलो. पिशवीत सुनेसाठी नेलेला गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी होती. दोन्हींची नोंद मी विमानातच प्रवाशांना मिळणाऱ्या तपासणीच्या कार्डावर केली होती. तपासणाऱ्या मुलीने डबा उघडून वास घेतला, हसून ‘नो वरीज’ म्हणाली आणि मला सोडून दिले. भीती मात्र गेली नाही. ती चटणीमुळे नव्हतीच.

वयाची ऐंशी जवळ आली असताना मी हा प्रवास का केला, ते आधी सांगतो. नगर जिल्ह्यातल्या एका गावात मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) होतो. माझा मुलगा प्रशांत मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्न या उपनगरात राहतो. काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे रविवारी दुपारी त्याच्या गॅरेजमध्ये उपासनेला जमतात. आता त्यांना रीतसर मंडळी (चर्चचा सभासद-समुदाय) स्थापन करायची होती. पहिल्या मिशनऱ्यांनी, म्हणजे पौल आणि त्याच्या सोबत्यांनी, गावोगाव मंडळ्या कशा उभ्या केल्या, ते मी सांगावे आणि मग सर्वांना प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) द्यावे, असे ठरले होते.

फोनवर प्रशांत म्हणाला होता, “आणि पप्पा, आपल्या गावात तुम्ही दुसरी मंडळी कशी उभी केलीत, तेही सांगा. सगळ्यांना ऐकायचंय.”

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो होतो. संमेलनांत सांगितली, सत्कारांत सांगितली. ती खोटी होती.

विमानतळावरून घरी जाताना प्रशांतने सहज सांगितले, की आपल्या गावच्या रत्नमालाबाई मुलीकडे आल्या आहेत आणि रविवारी त्याही येतील. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पिवळ्या गवताची माळराने, मध्येच पांढऱ्या बुंध्याची निलगिरीची झाडे आणि त्यावर अवाढव्य आभाळ. लपायला कुठे आडोसा नाही, असे वाटले.

क्रेगीबर्न नवे आहे. काठीला बांधलेली रोपे, एकसारखी घरे, एकसारखी गॅरेजे. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तर रस्त्यावर माणूस नाही. दोन वळणे घेतली आणि घर कुठले तेच कळेना. तेवढ्यात डोक्यावर फडफड झाली आणि काहीतरी टोचले. मॅगपाय (कावळ्याएवढा काळा-पांढरा पक्षी) पुन्हा पुन्हा मागून झेप घेत होता. मी हाताने डोके झाकून या वयात पळालो. शेवटी एका पंजाबी शेजाऱ्याने मला ओळखले आणि “अंकलजी, इधर इधर” करत घरापर्यंत सोडले.

नात म्हणाली, “आजोबा, इट्स ओन्ली प्रोटेक्टिंग द नेस्ट.” तिने आइस्क्रीमचा रिकामा डबा आणला, त्याच्या मागच्या बाजूला दोन मोठे डोळे रंगवले आणि तो माझ्या डोक्यावर उपडा घातला. मागे डोळे दिसले की पक्षी येत नाही म्हणे. आरशात पाहून सगळे हसले, मीही हसलो. पण दोन दिवस ते डोळे माझ्याच पाठीकडे लागले आहेत असे वाटत राहिले.

शनिवारी दुपारी, इथल्या भाषेत ‘आर्वोला’, स्वयंपाकाच्या तयारीसाठी बायका जमल्या. रत्नमालाबाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, केस पूर्ण पिकलेले. मी त्यांना पाहिले होते ते परकर-पोलक्यात.

“सलाम, पाळकसाहेब,” त्या म्हणाल्या आणि कांदे चिरायला बसल्या. प्रवास कसा झाला, थंडी सोसते का, सगळे विचारले. गावाबद्दल एक शब्द काढला नाही. मी चहाचा कप धुवायला बेसिनपाशी गेलो, तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, “उद्या पौलाचं सांगणार म्हणे. पेत्राचंही सांगा.”

माझ्या हातून कप निसटला. फुटला नाही, पण आवाज मोठा झाला.

येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट शास्त्र वाचणाऱ्याला माहीत असते. अंत्युखिया शहरात तो परजातीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमेहून अशा पंगतीला नावे ठेवणारे काही कर्मठ यहुदी आले, तसा तो हळूच पंगतीतून उठू लागला. पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सुनावले.

आमच्या गावची मंडळी महारवाड्यातून आलेल्या घरांची होती. मी तरुण पाळक असताना मांगवाड्यातल्या चार-पाच घरांनी बाप्तिस्मा घेतला आणि ती माणसे आमच्यात बसू लागली; परकर-पोलक्यातली रत्नमाला त्यांच्यातलीच. प्रभुभोजनाचा प्याला तेव्हा एकच असे, या ओठांवरून त्या ओठांकडे फिरणारा. मंडळीच्या वडिलांनी (कारभारी पंचांनी) मला बाजूला घेतले. त्यांच्यामागून आम्ही पिणार नाही, म्हणाले. मी पौलाचे नाव काढायला हवे होते. मला बदलीची भीती वाटली. मी शहरात गेलो, काचेचे लहान लहान पेले आणले आणि व्यासपीठावरून आरोग्यावर उपदेश केला. ज्याचा त्याचा पेला.

मांगवाड्यातल्या माणसांना आरोग्याचा अर्थ लगेच कळला. पुढच्या रविवारी ती आली नाहीत. त्यांनी आपल्या वस्तीत, चिंचेखाली, आपली उपासना सुरू केली. पुढे तिथे चर्च उभे राहिले. आणि मी जगाला सांगू लागलो, की आमचे काम वाढले, म्हणून आम्ही दुसरी मंडळी स्थापन केली.

शनिवारी संध्याकाळी प्रशांतने गॅरेजमध्ये टेबल मांडले, त्यावर पांढरा कपडा घातला आणि एका खोक्यातून प्लॅस्टिकचे इवलेसे पेले काढून ओळीने लावले. मी त्याला तिथेच सगळे सांगितले. तो बराच वेळ पेले सरळ करत राहिला.

“पप्पा, हे इथे नका आणू,” तो म्हणाला. “दोन्ही वाड्यांतली घरं आहेत यात. कोण कुठलं, हे इथे कोणी विचारत नाही. उद्या ते विचारायला लागतील.”

त्याचे भय खोटे नव्हते. मलाही तेच भय होते. माझ्या बोलण्याने ही मंडळी जन्माच्या दिवशीच फुटली असती. पण त्या ओळीने लावलेल्या पेल्यांकडे मला बघवेना.

रविवारी गॅरेज भरले. मी पौलाबद्दल बोललो. तो नव्या शहरात जाई, तेव्हा ना इमारत असे ना घंटा. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांशी बोले. फिलिप्पै शहरात जांभळी वस्त्रे विकणाऱ्या एका बाईने घर उघडले आणि तिथे मंडळी झाली. माणसे एकत्र जेवत, त्यांच्यातलेच वडील नेमले जात आणि पौल पुढे निघे. मग मी अंत्युखियाला आलो, पेत्रापाशी.  दुसऱ्या रांगेत रत्नमालाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघता सगळे सांगितले, काचेच्या पेल्यांसकट. माझा आवाज इतका बारीक झाला, की मागच्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

 बाहेरून मॅगपायचा घोगरा, गोड आवाज आला. प्रशांत उठला, घरात गेला आणि स्वयंपाकघरातला स्टीलचा मोठा पेला घेऊन आला. माझ्याकडे न बघता त्याने त्यात द्राक्षरस ओतला.

पेला फिरू लागला. विकास नावाचा एक तरुण इंजिनिअर आणि त्याची बायको संकोचून म्हणाले, “अंकल, फ्लू चाललाय, आम्ही छोटेच घेतो.” मी मान डोलावली. ते खरेच फ्लूला भीत होते की आणखी कशाला, हे मला कधीच कळणार नाही. ही सबब गावात मीच शिकवली होती, मी कुणाला काय विचारणार?

रत्नमालाबाईंनी पेला घेतला. प्यायल्या. काठ पुसला नाही. तसाच माझ्यासमोर धरला. “आता तुम्ही,” म्हणाल्या. मी हात पुढे केला, पण त्यांनी पेला सोडला नाही. तसाच मी प्यालो.

जाताना दारापाशी मी त्यांची क्षमा मागितली. त्या चपला घालत होत्या.

“इथं सांगणं सोपं, पाळकसाहेब. इथं तुम्हाला कोण ओळखतं? गावात सांगा.”

पुढच्या रविवारी विकास आणि त्याची बायको आले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी दोघे आले. प्रशांतने टेबलावर दोन्ही ठेवले होते, स्टीलचा पेला आणि लहान पेले. त्या विषयावर तो माझ्याशी अजून बोललेला नाही. परत निघताना विमानतळावर मात्र त्याने माझी पिशवी शेवटपर्यंत हातातून सोडली नाही.

परतीच्या विमानात मी झोपलो नाही. ऑस्ट्रेलियाचे तांबडे वाळवंट खिडकीखाली सरकत होते, त्यात एकही वस्ती दिसत नव्हती. इतक्या लांब येऊन मी एका गॅरेजपुरते खरे बोललो होतो.

घरी आलो त्या आठवड्यातल्या रविवारी मी आमच्या चर्चकडे न वळता पुढे मांगवाड्याकडे चालत गेलो. चिंच अजून आहे. तिच्याजवळच्या चर्चमध्ये गाणे चालू होते. ज्या मंडळीची स्थापना मी केली म्हणून सांगत आलो, तिच्या दाराशी चपला कुठे काढतात, हेही मला माहीत नव्हते. मी माझ्या चपला हातात धरून उभा राहिलो आणि गाणे संपायची वाट पाहू लागलो.