दोन वस्त्यांना चूलबंद आवतण

आमच्या शेजारच्या ड्रॉइंगच्या सरांनी जेवढी माणसं थकवली तेवढी परभणीच्या उन्हानंही थकवली नसतील, आणि त्या यादीत पहिलं नाव माझं. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळं पळायला जागाच नव्हती. आमच्या भिंतीला चुना दिला की दुसऱ्या दिवशी तिच्यावर कोळशानं काढलेली म्हैस हजर. बरं, भांडायला जावं तर म्हैस इतकी गुणी निघायची की पुसवत नसे. बोलताना माणसाच्या तोंडाकडं ते बघायचेच नाहीत. एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून माप घ्यायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा यांना वडीलधारं माणूस म्हणून सोबत नेलं. तासभर गप्प. शेवटी मुलीच्या बापानं विचारलं, सर, तुमचं काय मत? तर म्हणाले, "उजेड डावीकडून यायलाय, मुलीला तिकडं बसवा." मुलगी उठून तिकडं बसली आणि पुतण्यानं तिथल्या तिथं होकार दिला. तेव्हापासून आमच्या घरात सरांच्या शब्दाला वजन आलं आणि माझ्यामागं कामं लागली.

त्यांची खरी खोड मात्र आवतणाची. एका माणसाला बोलावणं त्यांना ठाऊकच नव्हतं. आमच्याकडं चूलबंद आवतण असतं, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लेकरंबाळं, आलागेला पाहुणा, सगळ्यांनी जेवायला यायचं. लोक ते लग्नाला देतात, तेही भावकीपुरतं. सर नातवाच्या जावळालासुद्धा सगळ्या गल्लीला देऊन यायचे, आणि मग ऐनवेळी माझ्या दारात उभं राहून लाजत म्हणायचे, "वैनी, जरा येता का?" ते 'जरा' दिवसभर पुरायचं.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न लोंबकळत होता त्या वर्षांत कधीतरी त्यांनी परभणीत आधुनिक चित्रांचा महोत्सव काढला. लोकांना वाटलं म्हातारपणी सरांना नाव कमवायचंय. कारण एकच होतं, आणि ते मला माहीत होतं. शालिनी. पलीकडच्या बौद्ध वस्तीतली, त्यांच्या हाताखाली शिकलेली, पुढं मुंबईला जाऊन मोठी चित्रकार झालेली. नामांतरावरून जाळपोळ झाली त्या साली तिच्या आजोळचं खेड्यातलं घर जाळलं गेलं, आणि तिनं सरांना लिहिलं की या जिल्ह्यात माझं चित्र लागणार नाही. सर दर महिन्याला पत्र टाकत राहिले. चार-पाच वर्षांनी तिचं उत्तर आलं: लोक बघायला येणार असतील तर आणते, रिकाम्या भिंतींना दाखवायला येणार नाही.

झालं. बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम मिळालं. औरंगाबादहून चार-पाच चित्रकार आले. एकानं सायकलीला कडबा गुंडाळून ती मधोमध उभी केली. दुपारपर्यंत कुणाच्या तरी बैलानं निम्मी उघडी पाडली. सर हात जोडून माफी मागायला गेले, तर तो म्हणाला, राहू द्या, आता बरी दिसते. पण माझं कपाळ उठलं ते त्याच्याही आधी, सकाळी. सर दारात.

"वैनी, थोडी गडबड झालीया."

"काय झालं?"

"लोक यावेत म्हणून घरोघरी सांगत गेलो. बोलण्याच्या भरात चूलबंद म्हणून गेलो."

"कुणाला?"

"आपल्या गल्लीला. आणि पलीकडच्या वस्तीला."

मी खालीच बसले. "सर, चित्रं बघायला का कुणी जेवण देतं?"

"नुसतं चित्राला कोण येतंय, वैनी? तुमी तरी आला असता का?"

खरं होतं, म्हणून जास्त राग आला. गोदामाच्या मागं तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या. गल्लीतल्या दोघी-तिघी आल्या. पिठलं, भात आणि भाकरी. दुपारी माणसं यायला लागली ती थांबेचनात. माझे हात खांद्यातून गळायला आले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, सरका. मी थापते."

शालिनी होती. एसटीतून उतरून, चित्र सरांच्या हाती देऊन तशीच चुलीकडं आलेली. माझा हात पिठात थांबला. तिच्या वस्तीतल्या बायांनी माझं अंगण झाडलेलं होतं, पण पिठाला त्यांचा हात कधी लागला नव्हता. मग मी सरकले. थकले होते म्हणून सरकले, असं तेव्हा मी मनाला सांगितलं.

पंगत तिच्याच चित्रासमोर बसली होती. सगळं काळं, तपकिरी, आणि मधोमध एक पांढरट चौकोन. कुणाला काही कळत नव्हतं. वस्तीतली एक म्हातारी मात्र घास हातात धरून बघत राहिली. "पोरीच्या आजोळचं घर गेलं, चुलीपुरती जागा तेवढी राहिली होती," ती म्हणाली. तिच्या शेजारी आमच्या गल्लीतली पाटलीण होती. तिनं म्हातारीचा पेला पाण्यानं भरला. भाकरी कुणाच्या हातची हे कळल्यावर चौघे गडी उठून गेले. सर त्यांना अडवायला गेले नाहीत. "मागचे पुढं सरका," एवढंच म्हणाले, "जागा झाली." आणि मागचे सरकले, दोन्हीकडचे.

शालिनीला एसटीत बसवून सर परत आले ते माझ्या पायरीवर टेकले. "वैनी, या गडबडीत मला बघायचंच राहिलं. ती जेवली का?"

"जेवली," मी म्हटलं. "शेवटची भाकरी आमी दोघींनी एका ताटात खाल्ली."

  

पुढं नामांतर झालं ते बघायला सर नव्हते. त्या दिवशी वस्तीत गोडधोड होतं, गाण्यांचा आवाज माझ्या ओसरीपर्यंत येत होता. मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही आपली आत बसून राहिले. सर असते तर मला उठवून घेऊन गेले असते, आणि पाय दुखतात म्हणत म्हणत मी गेले असते.