पसरणी घाटातला तांबडा दगड

मंगलोरी कौलांचा साचा, ती भाजायची भट्टी, पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं, आणि मोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पट्टीला दाते पाडून केलेली दगड कापायची करवत... हे सगळं मी माझ्या हातानं केलं. शाळा तिसरीत सुटली, इंग्रजी शब्दकोश पुढ्यात घेऊन शिकलो. हे आधीच सांगतो, कारण साताऱ्याच्या सभेत मला उभं केलं ते याच्याच जोरावर.

तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये वाद ठेवला होता. बायबलमधल्या नोहाच्या वेळचा जलप्रलय साऱ्या पृथ्वीवर आला, हे विज्ञानाला धरून आहे का? आहे म्हणणारे आमच्या वाईचे पाळक शामुवेलराव. त्यांच्या ख्रिस्ती देवळावरची कौलं माझ्याच भट्टीतली. नाही म्हणायला मी, आणि मला बोलावणारे सांगलीचे एक वकील.

मी म्हणालो, पसरणीचा घाट चढताना काळ्या दगडाच्या थरांमध्ये तांबडे पट्टे दिसतात. माती तांबडी होते ती आगीनं, कौलं भाजणाऱ्याला विचारा. म्हणजे आपला डोंगर आगीतून झालाय, पाण्यातून नव्हे. टाळ्या पडल्या... बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मागच्या बाकावरून अमीनभाई उठले. महाबळेश्वरला त्यांचं चपलांचं दुकान आहे. "आवं मिस्त्री, आमच्या डोंगरावरची समदी माती तांबडी हाय. तिला कुणी भट्टी लावली व्हती? तिला निस्ता पाऊस ठावा!"

हॉल हसला. शामुवेलराव तर रुमालानं डोळे पुसत होते. पाऊस मोजायचं भांडं करणारा मी, आणि नेमका पाऊसच विसरलो! उत्तर पुढच्या रविवारी देतो म्हणून खाली बसलो.

तो आठवडा काही गोड लागलं नाही. ताटात भाकरी उलटीसुलटी करून बघत बसायचो. बायको म्हणाली, "आता तिच्यात पण थर शोधताय का? गार होतीय, खावा."

शेवटी घाटात गेलो. काळा दगड आणि तांबडा पट्टा जिथं एकमेकांना भिडतात, तिथला एक तुकडा पहारीनं सुटा केला. घरी आणून उभा कापला, तोही कोरडाच, काही धुऊन जाऊ नये म्हणून पाणी न लावता.

काळ्या दगडाला खालून चिकटलेला, तांबड्या पट्ट्याचा वरचा भाग पक्क्या विटेसारखा, टिचकी मारली तर खण् वाजायचा. खालच्या भागाचा कपचा पाण्यात टाकला, तर त्याचा चिखल झाला. तेव्हा उलगडलं... आधी पावसानं दगडाची माती झाली, मग तिच्यावर वितळलेल्या काळ्या दगडाची आग आली. अमीनभाईही बरोबर होते, मीही. पण मी अर्धाच.

सभेच्या आधी वकील भट्टीवर आले. चिखल बघून त्यांचा चेहरा उतरला. "हे दाखवलंत तर पाळक म्हणतील, बघा प्रलयाचा गाळ! मऊ भाग कापून टाका आणि वरचा तेवढा मला द्या. मी किंमत देतो." आणि आकडा सांगितला. हातात करवत होतीच... ती खाली ठेवली.

परवा रविवारी अख्खा दगड टेबलावर मांडला. आधी सांगितलं की माझं चुकलं होतं, अमीनभाई बरोबर बोलले. मग पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यात दोन्ही भागांचे कपचे सोडले; वरचा तसाच राहिला, खालच्याचा चिखल झाला. वकील खिडकीबाहेर बघायला लागले.

"खालचा अर्धा माझा, मिस्त्री!" शामुवेलराव जागेवरून ओरडले.

"घ्या की. पण त्याची माती होऊन झाल्यावर वर आग आलीय. आणि घाटात असे पट्टे एकावर एक चढलेत. प्रलय तर तुम्ही एकच सांगता!"

ते हसले नाहीत. उठून आले, पेला उजेडाकडं धरून फिरवू लागले. मग हळूच म्हणाले, "एक वीत माती पावसानं व्हायला किती वर्षं लागतात हो?"

मला ठाऊक नव्हतं. त्या शाळेच्या विज्ञानाच्या मास्तरांकडं बघितलं, तर ते माझ्याकडंच बघत होते. वाद तसाच राहिला. बाहेर पडताना अमीनभाईंनी पाठीवर थाप मारली, "लय वाचता तुमी, पर कवातरी आमाला बी इचारत जावा की."

तो प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. आज सकाळी पावसाच्या भांड्याशेजारी काळ्या दगडाची खडी उघड्यावर पसरून ठेवली. माझ्या हयातीत तिची चिमूटभरही माती होणार नाही, हे कळतं... तरी जाता-येता बघतोच.

वकिलांनी निघताना नमस्कारही केला नाही. त्या वरच्या अर्ध्या दगडाचे ते पंचाहत्तर रुपये देत होते, माझ्या भट्टीची महिन्याची कमाई. मी नाही म्हणालो.