रुमालाखालचा आकडा

देवणीच्या बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा. जितकी बोटं दाबाल तितके हजार. भोवती पंचवीस माणसं असली तरी आकडा दोघांतच राहतो. भूकंपानंतर नव्या घरांना लागणारे पत्रे विकून मी वर आलो, पण भाव करायला शिकलो तो या रुमालाखाली. माझी खरी कमाई बायकोलाही माहीत नव्हती. ती फक्त कर खात्याला सांगायचो. तिथं ती कुलपात राहते, असं माझा वकील म्हणायचा.

त्या वर्षी एक जोडी मनात भरली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. मी चार बोटं दोनदा दाबली, म्हणजे आठ हजार. समोरच्या म्हाताऱ्यानं माझा अख्खा पंजा चारदा दाबला, वीस हजार.

"आबा, बैल विकायलाव का घर?"

"तुमाला काय कमी हाय मालक? आमची सून लातूरला फारमं टाइप करती. तुमचं तिनंच केलं की."

आणि त्यानं माझं उत्पन्न माझ्या कानात सांगितलं. एक शून्य जास्त होतं.

मी तडक लातूर गाठलं. कर खात्यानं फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम ठेक्यानं दिलं होतं. एका ठेकेदारानं ते दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तिसरा निघाला माझाच भाडेकरू, कोचिंग क्लासवाला. सकाळी माझ्या हॉलमध्ये पोरं फिजिक्स शिकायची, दुपारी तिथंच जिल्ह्याची कमाई टाइप व्हायची. दारावर पाटी होती : गोपनीय काम, आत येऊ नये. वॉचमननं मला अडवलं. माझ्या काखेखालून चहावाला आत गेला.

आरडाओरडा ऐकून क्लासवाला बाहेर आला. "काका, हे कुणालाच दाखवता येत नाही."

"चहावाल्याला दिसतंय की!"

"तो रोजचा आहे."

"माझं शून्य काढ आधी."

"खरा आकडा कागदावर लिहून द्या. आमच्या पोरी लगेच टाइप करतील."

मी म्हणालो, हॉल खाली कर. त्यानं शांतपणे करार आणला. मुदतीआधी कुणीही हॉल सोडायचा नाही, ही अट घासाघीस करून मीच घातली होती.

पुढच्या बाजारी जोडी तिथंच होती. मी पुन्हा चार बोटं दोनदा दाबली. म्हाताऱ्यानं पंजा पाचदा दाबला. माझं टाळकं सरकलं. रुमाल ओढून फेकला आणि माझी खरी कमाई, पै न् पै, भर बाजारात ओरडून सांगितली. दावणीचे बैलसुद्धा माना वळवून बघायला लागले.

म्हाताऱ्यानं रुमाल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला.

"मालक, खरी कमाई कोण अशी वरडून सांगतं का?"

सगळा बाजार हसला. जोडी माझ्यासमोर दुसऱ्याला गेली, आणि मागाहून कळलं, तीही मी म्हणत होतो त्याच भावात. आजही ठिपक्यांचा बैल दिसला की माझं डोकं फिरतं.

घरी पोचलो तर माझ्या आधीच्या एसटीनं बातमी आली होती. बायको दारात उभी.

"म्हणजे इतकी वर्षं मला निम्मंच सांगत होता?"

माझा आकडा खरा मानणारं माणूस साऱ्या मुलखात एवढं एकच निघालं. त्याच आठवड्यात पाटल्या घ्याव्या लागल्या. भाव तिनं केला. मला दुकानाबाहेर उभं केलं होतं.