आप्पाराव माळ्याची बदली

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, ज्याला आईने जन्म दिला नाही आणि रेल्वेने नोकरी दिली नाही, अशा एका माळ्याची पूर्णा जंक्शनला रीतसर बदली झाली होती. हुकूम माझ्या हातात होता. माळ्याला 'रिलीव्ह' करायचं, म्हणजे इथल्या कामातून मोकळं करून गाडीत बसवायचं, ही जबाबदारी माझी. मी त्या स्टेशनचा मास्तर होतो.

स्टेशन पूर्णेच्या अलीकडचं, लहानसं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ सरून त्या साली पाऊस बरा झाला होता. सिकंदराबादेहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार आणि बगीचाही बघणार, असा निरोप होता. बगीच्यासाठी वरून झेंडूच्या बियांचं पाकीट आलं होतं. मी पेरलं, ते उगवलं आणि शेजारच्या झरी गावाहून आलेल्या एका पाहुण्या शेळीने ते खाल्लं.

मग त्या वाफ्यात तण माजलं. साहेब यायच्या आदल्या दिवशी मी मारोतीला म्हणालो, "विळा घे, सगळं साफ कर." मारोती आमचा पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारा माणूस. रूळ चटकन बदलायचा, स्वतःचं मत मात्र कधीच नाही.

"राहू द्या की मास्तर. लय फुलावर आलंय. कशाला कापाय लावायलाव?"

तो कापेना आणि मला विळा चालवता येईना. वाफा तसाच राहिला.

साहेब उतरले ते थेट वाफ्यासमोर थबकले. पिवळाधमक तरोटा, गुलाबी तुऱ्यांचा कुर्डू, तारेच्या कुंपणावर निळी गोकर्ण. साहेब आंध्राकडचे, आयुष्य ऑफिसात गेलेलं. तण आणि फूल यांतला फरक त्यांना कोणी सांगितला नव्हता.

"ये किसने लगाया जी?"

मी मारोतीकडे पाहिलं. मारोतीच्या तोंडात तंबाखूचा बार होता, त्यात इंजिन वाफ सोडत होतं. तो ओरडला, "कोनी न्हाई सायेब, आप्पोआप!"

"अप्पाराव? वेरी गुड!" साहेबांनी वहीत नाव टिपलं.

मी चूक सुधारायला तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, "मास्टर, तुमको पूर्णा ट्रान्सफर होना ना? मैं देखता हूं."

मी तोंड मिटलं. माझी पोरं शाळेसाठी रोज पूर्णेला गाडीने हेलपाटे घालत होती. घरात बदलीशिवाय दुसरा विषय नव्हता.

पंधरा दिवसांनी लिफाफा आला. बायकोने आधी देवापुढे साखर ठेवली, मग मी तो फोडला. बदली पूर्णेलाच होती. नाव होतं, श्री. अप्पाराव, माळी.

दोन दिवसांनी पूर्णेहून फोन. "तुमचा माळी कुठाय?"

"सिक आहे," मी म्हणालो. रेल्वेत माणूस आजारी पडत नाही, 'सिक' होतो. आणि सिक माणसाला कोणी हात लावत नाही, असा माझा समज होता.

तिसऱ्या दिवशी साहेब डॉक्टरला घेऊनच उतरले. "ऐसा आदमी मरना नहीं जी! कहां है अप्पाराव?"

आता बदली राहू द्या, नोकरी वाचवायची होती. मी बोटाने वाफा दाखवला. "हा काय."

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. तरोट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे येऊन माझ्याच डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली.

मी सगळं कबूल केलं. "साहेब, 'आपोआप' म्हणजे अपने आप. लावणारा कोणी नाही. पाऊस पडला, आलं."

 साहेब बारीक आवाजात म्हणाले, "मैं ऊपर रिपोर्ट भेज दिया हूं, मास्टर." तेव्हा मला उमगलं की या गाडीत घाबरलेले प्रवासी दोन आहेत.

पुढे हुकूम दुरुस्त झाला. कारकुनाची चूक म्हणून माळ्याच्या नावावर काट मारली आणि माझं नाव लिहिलं. पोरांचे हेलपाटे संपले. धडा एवढाच, की साहेबाने चुकीचं ऐकलं तर पहिल्याच मिनिटाला सांगावं. दुसऱ्या मिनिटाला त्याची फाइल होते.

पण त्या दिवशी हे काहीच ठरलेलं नव्हतं. साहेबांनी कपाळावर हात मारून विचारलं होतं, "अब पूर्णा को कौन जाएगा?"

आणि मारोती तंबाखू थुंकून म्हणाला होता, "जायचं काय राह्यलंय, सायेब? आप्पाराव आमच्या आधीच पोचलाय तिकडं. कालच बघून आलो, आख्खं यार्ड पिवळं करून बसलाय!"