जावयानं टाकलेला स्लॅब

मुलीचं लग्न झाल्यापासून मी जावयाशी थेट एक शब्दही बोलले नव्हते, आणि त्याच माणसाच्या हाती आम्ही आमच्या घराचं छप्पर दिलं. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्याकडं सासू जावयासमोर डोक्यावर पदर घेते, दाराआड उभी राहते आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगते. "त्यांना म्हणावं, चहा घ्या." "त्यांना म्हणावं, अजून ताक वाढू का." जावई चार हातांवर बसलेला असतो, त्याला सगळं ऐकू जातं, तरी मधल्या माणसानं निरोप दिल्याशिवाय तो कप उचलत नाही. मी उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात घालवला. गावच्या सरपंचाला त्याच्या पोराच्या बाकावर बसवून चार गोष्टी सुनावल्या आहेत. पण घरात जावयाच्या मोटारसायकलचा आवाज आला की माझा हात आपोआप पदराकडं जायचा. आता आठवलं की त्या हाताचाच राग येतो.

घर पडेगावात, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. नवरा वाळूजच्या कारखान्यात होता. घर बांधलं तेव्हा ऐपत भिंतींपर्यंतच पुरली. वर पत्रे टाकू, एक-दोन वर्षांत स्लॅब करू, असं ठरलं. त्या एक-दोन वर्षांत मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, लग्न होऊन हर्सूलला नांदायला गेली, आणि पत्रे होते तिथंच राहिले. उन्हाळ्यात दुपारी घरात पाय ठेववत नसे. वह्या तपासताना मुलांच्या शाईवर माझा घाम ठिबकायचा. वारा सुटला की पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड सरकायचे आणि रात्र जागून काढावी लागायची. तेव्हा मी निवृत्त झाले त्या दिवशीच नवऱ्याला सांगून टाकलं, माझ्या फंडातून मला यात्रा नको, सोनं नको, डोक्यावर चांगला स्लॅब पाहिजे. उरलेलं आयुष्य मला त्याच्याखाली काढायचं होतं.

जावई बांधकामाची कामं घेतो. बजाजनगरात त्यानं बरीच घरं बांधली आहेत. नवरा म्हणाला, "घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?"

"घरच्या माणसाला बोलता येत नाही म्हणून," मी म्हणाले. "बाहेरच्याला कान धरून विचारता येतं."

"तुला बोलायचंच कशाला? मी हाय ना."

हे "मी हाय ना" मी लग्नापासून ऐकत आले आहे. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, कारण त्यानंतर हा माणूस कुठंच नसतो.

पत्रे उतरले. आम्ही समोरच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली. स्लॅब तोलायला फळ्या-टेकूंचं सेंट्रिंग लागलं, सळया बांधल्या गेल्या, मिक्सर आला, नारळ फुटला आणि एका दिवसात स्लॅब पडला. मजुरांना मी पोटभर पुरी-भाजी वाढली. त्या संध्याकाळी मला खरंच आनंद झाला होता, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.

ताज्या स्लॅबवर पाणी साठून राहिलं पाहिजे, हे आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा. मातीची आळी करायची आणि त्यांत पाणी भरून ठेवायचं, नाहीतर सिमेंट तडकतं. जावयाचा मजूर सकाळी यायचा, पाइपनं शिंपडल्यासारखं करायचा आणि निघून जायचा. चैत्राचं ऊन ते. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत स्लॅब कोरडा. वर टाकलेल्या थराचा उतारही उलटा होता. पाणी जायला भोक ठेवलं होतं रस्त्याच्या बाजूला, आणि जे काय पाणी असेल ते सगळं मागं, स्वयंपाकघरावरच्या कोपऱ्यात जमायचं. हे बघायला इंजिनिअर लागत नाही, डोळे लागतात.

जावई आला की मी भिंतीआड उभी राहून नवऱ्याला सांगायची. "त्यांना म्हणावं, आळी करून पाणी भरा. त्यांना म्हणावं, उतार बघा, पाणी मागं थांबतंय." नवरा हात मागं बांधून जायचा. दोघं उभे राहून बोलायचे. मला इकडून नुसती नवऱ्याची मान हलताना दिसायची, मग दोघांचं हसणं ऐकू यायचं. हसण्यासारखं मी काय सांगितलं होतं ते मला कळायचं नाही. नवरा परत येऊन म्हणायचा, "सांगितलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच शिंपडणं.

शेवटी मीच कपडे विसळलेलं पाणी बादलीत भरून शिडीनं वर न्यायला लागले. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याच्या मर्जीनं, त्यामुळं चांगलं पाणी ओतायला जीव धजत नव्हता. एका हातात बादली, आणि गल्लीत मोटारसायकल वाजली की दुसरा हात शिडी सोडून पदराला. एकदा पाय निसटला आणि बादली खाली गेली. मी वाचले. नवरा म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं वर जायला?"

मुलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मला मधे घालू नको. त्यांना कामावरून काही बोललेलं खपत नाय. तू बोलून मोकळी होशील, मला इथंच राहायचंय." मी फोन ठेवला. तिच्यावर रागावता येईना, हे सगळ्यात वाईट होतं.

रंग लागला, आम्ही राहायला आलो. पहिल्यांदा गच्चीवरची टाकी भरून वाहिली तेव्हा स्वयंपाकघराच्या छताला कोपऱ्यात भाकरीएवढी ओल उमटली. मी बोट दाखवलं. नवऱ्यानं चष्मा न लावताच वर बघितलं. "नवीन बांधकामाला ओल सुटतेच. वाळल." ती वाळली. टाकी पुन्हा वाहिली, ओल पुन्हा आली, आणि या वेळी ती दोन भाकऱ्यांएवढी होती. निरोप पाठवून काही होणार नाही, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं.

त्या वर्षी ज्येष्ठात अधिक महिना आला होता. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, कपडे करायचे. नवऱ्यानं आपणहून फोन करून दिवस ठरवला. आदल्या संध्याकाळी नळ आला. एक थेंबही बाहेर जाऊ नये म्हणून मी जुन्या साडीचा बोळा करून गच्चीच्या भोकात कोंबला आणि मोटर लावून पाइप सरळ वर सोडला. शेजारीण कठड्यावरून ओरडली, "बाई, डोकं फिरलं का तुमचं? लोकाला प्यायला नाय अन् तुम्ही गच्चीवर पाणी ओतताय?" तिचं काही चुकत नव्हतं. मी म्हणाले, "उद्या सगळं परत उतरवते. तुमच्याकडं भांडी असतील तर काढून ठेवा." नवरा जावयासाठी टॉवेल-टोपी आणायला गावात गेला होता.

दुसऱ्या दिवशी पाट मी बैठकीत मांडला नाही. स्वयंपाकघरात मांडला, त्याच कोपऱ्यात. "इथं गरम गरम वाढता येतं," असं मी नवऱ्याला सांगितलं, आणि त्याला ते पटलं. मुलीनं मात्र एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि गुपचूप जावयाच्या शेजारच्या पाटावर बसली. मी डोक्यावर पदर घेऊन दोघांना ओवाळलं. ताट वाढलं. जावयानं धोंडा फोडला, त्यावर मी तूप सोडलं, आणि त्यानं पहिला घास उचलला तोच वरून एक थेंब तुपाच्या वाटीत पडला. मग दुसरा, त्याच्या मनगटावर.

जावई थांबला. मग नवरा हसत म्हणाला, "कूलरचं पाणी उडलं असल."

कूलर बैठकीत होता. मधे भिंत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं मी या माणसाच्या तोंडून बोलत होते, आणि त्या तोंडातून हे बाहेर येत होतं. मी हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं, पदर खांद्यावर घेतला आणि जावयाकडं बघून म्हणाले, "कूलर नाही, जावईबापू. तुमचा स्लॅब आहे."

मुलीनं डोळे मिटून घेतले. जावई वर बघत राहिला. पांढऱ्या रंगाखाली ओल परातीएवढी पसरली होती आणि कडेला एक बारीक चीर दिसत होती. मला वाटलं, हा आता ताटावरून उठेल. उठला असता तर माझ्या लेकीला त्याची झळ किती दिवस लागली असती, हे मला चांगलं माहीत होतं. तरी माझे शब्द परत घ्यावेत असं मला वाटलं नाही.

तो म्हणाला, "मामी, हे आधी का नाय सांगितलं?"

"रोज सांगितलं. आळी करा म्हणून सांगितलं, उतार उलटा आहे म्हणून सांगितलं."

त्यानं सासऱ्याकडं बघितलं. "मामा, तुम्ही तर म्हणायचे, मामी लई खूश हाय. लई झ्याक काम झालं म्हणते. मला वाटलं, घरच्यांना पसंत हाय तर मजुराला कशाला दिवसभर अडकवून ठेवा."

नवरा ताटातली चटणी बोटानं एका बाजूला सारत राहिला. "जावयाला कसं बोलावं माणसानं," तो पुटपुटला. "पोरगी दिलीय आपण."

पोरगी शेजारीच बसली होती. तिनं डोळे उघडले आणि बापाकडं असं बघितलं की मला तिच्या वाटचं काही बोलायची गरज उरली नाही.

जावयाला मी सोडून देत नाही. आपण टाकलेला स्लॅब तडकतो आहे की नाही, हे सासूच्या निरोपावर ठरवणारा बांधकामवाला कसला? तसं मी त्याला तिथंच म्हटलं. तो लाल झाला. हात धुऊन म्हणाला, "चला मामी, वर दाखवा."

आम्ही दोघं नव्या बसवलेल्या लोखंडी जिन्यानं गच्चीवर गेलो. मी पुढं, डोकं उघडं. मागच्या कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी उभं होतं आणि रस्त्याकडच्या भोकाजवळची जागा ठणठणीत कोरडी होती. तो पाण्यात पायजमा वर धरून उभा राहिला. वरचा थर सगळा उखडावा लागेल, म्हणाला, चिरा भरून नव्यानं उतार काढावा लागेल. मी म्हणाले, उखडा. भोक मागं न्या. पाणी मारायला मजूर ठेवा, आणि काय विचारायचं ते मला विचारा. त्यानं मान हलवली.

खालून नवऱ्याची हाक आली. माझं नाव घेऊन नाही, जावयाला नाही, कुणालाच नाही. "ताटं निवायला लागली म्हणावं."

मी जावयाला म्हणाले, "त्यांना म्हणावं, आधी वर या. येताना बादल्या घेऊन या. हे सगळं पाणी खाली न्यायचंय."

जावई कठड्यावरून वाकला आणि माझा निरोप जसाच्या तसा पोचवला, एकही शब्द न गाळता.