जाधवकाकूंच्या जागी दुसरीच बाई

दार उघडलं ते एका अनोळखी बाईने. नऊवारी, नथ, हातात आरतीचं ताट.

"आइये, मैं जाधव काकी," ती म्हणाली.

माझ्यामागे डच नवरा-बायको उभे होते. या घरी दुसऱ्यांदा आलेले. खऱ्या जाधवकाकू त्यांना ठाऊक होत्या.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, किला गेटजवळच्या काही मराठी घरांत मी होमस्टे चालवत होते. म्हणजे पाहुण्याने हॉटेलऐवजी घरच्या माणसांत राहायचं, घरात शिजेल तेच खायचं, आणि कमाई त्याच घरात राहायची. नुकतीच माझी छोटी कंपनी दिल्लीच्या एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीत विलीन झाली होती आणि मी तिथे नोकरीला लागले होते. रोज कॉल, रोज 'इंटिग्रेशन'. घरांना नवे पडदे येणार, एवढंच माझ्या कानावर होतं.

या बाईला शहराच्या मुरार भागातल्या एका इव्हेंटवाल्याने पाठवलं होतं. तिनेच सांगितलं. पाहुण्यांना बैठकीत बसवून मी आत गेले. काकू ओट्याशी पुरण वाटत होत्या. हे काय, मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"दिल्लीवाले आले होते. म्हणाले, फोटोत तुम्ही काकी नाही लागत. सलवार-कुर्ता, चष्मा, गणिताची टीचर. मी म्हटलं, ठीक आहे, स्वयंपाक तरी करू द्या."

त्यांच्याच घरात त्यांना लपवलं होतं, आणि ते माझ्या कंपनीच्या नावाने.

तिथूनच दिल्लीच्या कंपनीच्या रीजनल हेडला फोन लावला. सगळे होस्ट एकसारखे दिसायला हवेत, त्याने शांतपणे समजावलं.

"गेस्टला काय कळतंय, मॅडम?"

तेवढ्यात डच बाई स्वयंपाकघराच्या दारात आली. काकूंना बघून हसली, त्यांचे पुरणाचे हात तिने तसेच धरले. मग मला विचारलं, बाहेर आहे ती कोण?

मी खरं ते सांगितलं. फोन अजून चालू होता.

मुरारच्या बाईने नथ काढून ठेवली आणि आमच्या पंगतीत बसून जेवली. तिचाही काही दोष नव्हता.

आधी काकूंचं घर वेबसाइटवरून गेलं, मग माझी नोकरी. काही घरं माझ्यासोबत बाहेर पडली, काही तिकडेच राहिली. तिकडे पाहुणे जास्त येतात, हे खरंच आहे.

आता कुणी पार्टनरशिपचं बोलायला आलं, की मी त्याला आधी काकूंकडे जेवायला नेते. काकू सलवार-कुर्त्यात, चष्मा लावूनच वाढतात. बरेच जण पुरणपोळीची तारीफ करतात आणि नंतर फोन करत नाहीत. कराराआधीच वकिलाचा खर्च वाचतो.