तिला पेट्रोलची हवी होती

बीडच्या बायपासला जुन्या गाड्यांचं एक आवार आहे. तिथल्या माणसानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, रनिंग किती हाय तुमचं?"

मी बायकोकडं पाहिलं. ती पदरानं डावा हात झाकून बसली होती. डायलिसिससाठी त्या हातातली नस मोठी केलेली, ती दोरीसारखी वर आली होती. लोक तिकडं बघतात हे तिला आवडत नसे.

केजमध्ये आमचं कापडाचं दुकान आहे. घर मागच्याच गल्लीत, त्यामुळे चारचाकीची गरज कधी पडली नव्हती. एक स्कूटर होती, तीही बहुतेक वेळ उन्हातच उभी असायची. मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि दुकानात आम्ही दोघंच उरलो. साड्यांचं गिऱ्हाईक सरळ हिच्याकडं जायचं. मी चार साड्या उलगडल्या की वैतागायचो. ही चाळीस उलगडून, एकही न खपता, हसत घड्या घालायची.

मग तिच्या पायांवर सूज यायला लागली. आम्हाला वाटलं उभं राहून येत असेल. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या गेल्यात जमा होत्या. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिस सुरू झालं. जाताना ती नीट असायची, एसटीत खिडकीशी बसून शेतं बघायची. येताना मात्र पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखी व्हायची. एकदा एसटी चुकली म्हणून आम्ही काळ्यापिवळ्या जीपनं निघालो. माणसावर माणूस बसलेलं. निम्म्या वाटेत तिला उलटी झाली, ती शेजारच्या बाईच्या अंगावर. ती बाई कुठल्या तरी शेतावरून मजुरी करून येत होती. एक शब्द बोलली नाही. आपल्याच पदरानं हिचं तोंड पुसलं आणि जीप थांबवून पाणी मागून घेतलं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "मी न्हाई जानार आता. व्हायचं ते हितं व्हऊ द्या."

"कावून? जीपचं मनाला लावून घेतलंस व्हय?"

"त्या बाईची साडी नवी होती," ती म्हणाली. "आपल्याच दुकानातली होती."

त्या दिवशी मी गाडी घ्यायचं ठरवलं. खालच्या बुडाची छोटी गाडी चालणार नव्हती, तिला वाकून बसता आणि उठता येत नसे. उंच, ऐसपैस, मागं आडवं होता येईल अशी हवी होती. नवी आमच्या आवाक्याबाहेरची. हिचा धाकटा भाऊ आष्टीकडं शेती करतो, गावच्या राजकारणातही असतो आणि त्याला गाड्यांचा भारी नाद. त्यानंच आम्हाला या आवारात आणलं.

तिथं एकाच बनावटीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पांढरी डिझेलची, मातकट रंगाची पेट्रोलची.

"डिझेलच घ्या दाजी," मेहुणा म्हणाला. "घाट चढाय डिझेलच लागतंय. पेट्रोल म्हंजी नुस्ता पंपावर हेलपाटा."

आवारातल्या माणसाला दोन्ही विकायच्या होत्या, त्यामुळे तो मोकळेपणानं बोलला. लांबचं आणि रोजचं जाणं असेल तर डिझेल परवडतं. पण या नव्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी धरायला एक जाळी असते. गाडी हायवेला तासभर पळाली की ती तापते आणि काजळी जळून जाते. गावातल्या गावात फिरवली तर जाळी तुंबते, समोर दिवा लागतो, मग खर्च निघतो.

आमच्या हिनं तोवर तोंड उघडलं नव्हतं. आता तिनं विचारलं, "आन समजा लांब न्हाईच गेली तर? घर ते दुकान, कदीमदी बाजार?"

"मग डिझेलच्या नादी लागू नका मावशी."

"पेट्रोलची घ्या," ती मला म्हणाली.

मेहुणा उसळला. "आक्का, अगं अंबाजोगाई हाय की! हप्त्याला दोन खेपा. हे काय कमी रनिंग हाय?"

"ते आत्ता हाय," ती म्हणाली.

दोन्ही गाड्यांत बसून बघ म्हटलं तर बसली. डिझेलवाली सुरू करून दाखवली तेव्हा म्हणाली, हिची थरथर पायाला लागते. त्या दिवशी आम्ही काहीच न ठरवता परत आलो. मेहुणा वाटेत गाडी चालवताना मधूनमधून माझ्याकडं बघत होता. काही आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी मला आणि त्याला आत बोलावलं होतं. तिचं हृदय फार कमजोर आहे, किडनी बदलायचा विचार आता सोडून द्या, असं सांगितलं होतं. मशीन जितके दिवस साथ देईल तितके दिवस. तिला काही सांगायचं नाही, असं बाहेरच्या बाकड्यावर बसून आम्ही दोघांनीच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती गादीवर लोडाला टेकून सकाळी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, "पेट्रोलचा हट्ट कावून धरलाय तू?"

तिनं घडी पुरी केली. "डॉक्टर आदी किडनी बदलायचं बोलायचा. आता न्हाई बोलत. पुण्याला नाव घाला म्हनायचा, ते बी न्हाई. तुमाला काय सांगितलं ते मला सांगू नका. मी विचारत बी न्हाई."

मी मोजपट्टी उचलून परत खाली ठेवली.

"गाडी मला लागनार न्हाई," ती म्हणाली. "मी आपली चार दिस बसनार. मागं तुमालाच वापरायची हाय. तुमी कुठं जाताव? घर ते दुकान. मग ती जाळी तुंबनार, दिवा लागनार, आन तुमी एकलेच बोनेट उघडून बघत बसनार. तुमाला तर पाना बी धरता येत न्हाई."

हे ती हसत बोलली. मी उठून मागच्या कपाटाकडं गेलो. शर्टिंगचे तागे उगाच खालचे वर केले, वरचे खाली. मग तिच्याकडं पाठ ठेवूनच म्हणालो, "डिझेलच घ्यायची. मला तुला घेऊन लई फिरायचंय."

मी वळून पाहिलं तर ती माझ्याकडंच बघत होती.

"बरं," ती म्हणाली. "डिझेल घ्या."

तिला माझं पटलं नव्हतं. पेट्रोल घेणं म्हणजे ती सांगत होती ते मान्य करणं, आणि ते मला झेपणार नाही, एवढं तिनं ओळखलं होतं. पुढं तिनं तो विषय कधी काढला नाही.

पांढरी गाडी घरी आली. तरुणपणी मी एका ठोक व्यापाऱ्याकडं कामाला होतो, तेव्हा त्याची जीप चालवायचो. हात आखडले होते, पण हळूहळू सरावलो. अंबाजोगाईला जाताना ती पुढं माझ्या शेजारी बसायची, येताना मागच्या सीटवर आडवी. मी आरशात बघत राहायचो. ती डोळे मिटूनच म्हणायची, "रस्त्याकडं बघा." पायाला लागणाऱ्या थरथरीचं नाव तिनं पुन्हा घेतलं नाही. एकदा मीच विचारलं तर म्हणाली, "कुठली थरथर?"

पावसाळा संपल्यावर तिला आईला भेटावंसं वाटलं. दोन डायलिसिसच्या मधला दिवस धरून आम्ही सकाळीच निघालो. मांजरसुंबा, पाटोदा, मग आष्टीकडं. रस्त्यानं ऊसतोडीला निघालेली कुटुंबं भेटत होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि त्यावर पोरं बसलेली. तिनं काच खाली घेतली आणि एका ट्रॉलीतल्या पोरीला हात केला. पोरीनंही केला.

माहेरचं घर ओट्यावर, पायऱ्या उंच. त्या दिवशी तिच्या पायांना उभं राहण्याचंच बळ नव्हतं. मेहुणा म्हणाला, उचलून नेतो. ती नको म्हणाली. मग तिची आईच काठी टेकत बाहेर आली आणि दार उघडून गाडीत शिरली. मागच्या सीटवर मायलेकी शेजारी बसल्या. गाडी लिंबाखाली होती, चारी दारं उघडी. आईनं लिंबू सरबताचा तांब्या पुढं केला. हिला पाणी मोजूनमापूनच चालायचं. हिनं ओठ ओले केले आणि तांब्या आईच्या हातात दिला.

"प्यावं की गं."

"प्याले की."

मी आणि मेहुणा पलीकडं बाजेवर बसलो होतो. त्यांचं काय बोलणं चाललं होतं ते ऐकू येत नव्हतं. मधेच दोघी हसल्या. नंतर बघितलं तर आई तिच्या पायांवरून हात फिरवत होती, आणि ही तिच्या खांद्याला टेकून झोपली होती. निघायची वेळ झाली तरी तिला उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

थंडीत ती गेली. सकाळी अंबाजोगाईला निघायचं होतं. तिनं वेणी घातली, साडी बदलली, गळ्यातलं लिंग डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, गाडी काढा, मी आलेच. मी गाडी दारात लावून हॉर्न दिला. दुसऱ्यांदा दिला. मग आत गेलो. ती कॉटवर बसल्या जागी भिंतीला टेकलेली होती, एका पायात चप्पल.

आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून माती देतात. पुण्याहून मुलगी आली, आष्टीहून मेहुणा आला. त्यानं आईला आणलं नव्हतं. तिचं बीपी वाढतं, तिला हे सोसायचं नाही, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन त्यानं तिला सांगितलं. मला त्या वेळी कुणाशी काही बोलण्याचं भान नव्हतं.

मुलगी बाबा माझ्याकडं चला म्हणत होती. मी नाही गेलो. दुकान उघडलं. गाडी घर ते दुकान नेऊ लागलो. चालत जायचं अंतर, पण दारात उभी दिसली की मला तो हॉर्न आठवायचा. व्हायचं तेच झालं. समोर पिवळा दिवा लागला. मेकॅनिकनं बघितलं आणि म्हणाला, "काय बिघडलं न्हाई अप्पा. हिला लांब पळवून आना. गावात कोंडली हाय ती."

रविवारी दुकान बंद ठेवून निघालो. अंबाजोगाईचा रस्ता धरवेना. गाडी उलट्या दिशेला वळवली. पाटोदा मागं पडलं. तासाभरात दिवा केव्हा विझला ते माझ्या लक्षात आलं नाही, पण आता परत फिरायचं कशाला, म्हणून तसाच आष्टीला गेलो.

सासूबाई ओट्यावर बसलेल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला, पण या म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर टेकलो. त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीला माती देताना मला कुनी विचारलं न्हाई."

"चुकलं मामी."

"तुमचं न्हाई. माझं पोर मला म्हातारी समजतंय. आवो, तिचा बाप गेला, थोरला ल्योक गेला, तवा मी मेले का?"

मेहुणा दारात उभा होता. तो आत गेला.

"चला," मी म्हणालो. "आत्ता चला."

जावयाच्या घरी कसं जायचं, असं त्या एकदा म्हणाल्या, पण म्हणताम्हणता काठी शोधू लागल्या होत्या. केजला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आधी समाधीवर गेलो. मातीचा उंचवटा अजून ओबडधोबडच होता, कट्टा बांधायचा राहिला होता. त्या खाली बसल्या. ढेकळं हातानं फोडून माती सारखी करू लागल्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मी शेजारी बसून तेच करू लागलो. मग त्या रडल्या. मोठ्यानं, कुणाची भीडभाड न धरता. माझंही तोवर राहिलेलं सगळं तिथं निघालं.

त्या आठवडाभर राहिल्या. मेहुण्याचा रोज फोन यायचा, रोज त्या सांगायच्या, उद्या येते. पहिल्या दिवशी मीच स्वयंपाक केला होता. त्यांनी घास घेतला आणि थांबल्या.

"भाजीत मीठ न्हाई घातलं?"

दीड वर्ष घरात अळणीच शिजत होतं. तिला मीठ चालायचं नाही, म्हणून मीही तसंच खायचो. ती गेल्यावरही माझा हात मिठाकडं गेला नव्हता.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग उठल्या, फळीवर डबे चाचपले, मिठाचा डबा काढला. चिमूटभर माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं, चिमूटभर स्वतःच्या.

"जेवा," त्या म्हणाल्या. "गार व्हतंय."